साहाय्यित रोजगार : आधी काम, मग प्रशिक्षण

विशेष शाळेतील शिक्षण संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या कुटुंबांपुढे उभा राहतो. 'साहाय्यित रोजगार' हे त्याचे एक उत्तर आहे. प्रथम संज्ञांमधील भेद लक्षात घ्या. डिस्लेक्सियासारख्या स्थितीला आपल्याकडे 'अध्ययन अक्षमता' म्हणतात. आकलन, तर्क आणि दैनंदिन व्यवहार यांवर लक्षणीय मर्यादा असणे म्हणजे 'बौद्धिक अक्षमता'. येथे दुसऱ्या गटाचा विचार केला आहे.

पूर्वीची पद्धत संरक्षित कार्यशाळेची होती. तेथे मेणबत्त्या किंवा पाकिटे तयार करता करता वर्षे सरत. नोकरीची 'पूर्वतयारी' मात्र संपत नसे. याचे एक कारण असे की, एका ठिकाणी शिकलेले कौशल्य दुसऱ्या ठिकाणी वापरणे या व्यक्तींना अवघड जाते. म्हणून १९८० च्या दशकात अमेरिकेत हा क्रम उलटवण्यात आला : आधी प्रत्यक्ष नोकरी, मग त्याच जागी प्रशिक्षण. पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही, हेच त्यामागील तत्त्व.

उदाहरणार्थ, रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालण्याचे काम घ्या. रोजगार-मार्गदर्शक त्या कामाचे लहान टप्पे पाडतो : चादर पसरणे, कडा जुळवणे, घडी घालणे, मोजून ठेवणे. तो सोबत राहून एकेक टप्पा शिकवतो आणि हळूहळू मागे सरतो. अडचण आल्यास सांगण्याचे काम मग शेजारचा सहकारीच करू लागतो. समावेशनाची सुरुवात येथे होते. केवळ एका छताखाली बसवणे म्हणजे समावेशन नव्हे. समान कामाला समान वेतन आणि मधल्या सुट्टीतील चहात सहभागही हवा.

भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार शासकीय आस्थापनांत किमान ४ टक्के पदे राखीव आहेत. त्यांपैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांसाठी एकत्रितपणे आहे. परंतु आरक्षणाने पद मिळते. ते टिकवण्यासाठी लागणारी सोबत आपोआप मिळत नाही. ही सोबत म्हणजे उपकार नव्हे, तर कामाच्या व्यवस्थेचाच भाग होय, हे ध्यानात ठेवा.

स्वाध्याय : तुमच्या परिचयाच्या कार्यालयातील किंवा दुकानातील एक काम निवडा, त्याचे टप्पे लिहा आणि कोणत्या टप्प्यावर कोणते साहाय्य लागेल ते स्पष्ट करा.