ईश्वरी दत्तकपणा

ईश्वराच्या कृपेने मनुष्यास त्याच्या कुटुंबात पुत्राचे स्थान मिळते, ही ख्रिस्ती धर्मशास्त्रातील संकल्पना. ‘दत्तकपणा’ या अर्थाचा ग्रीक शब्द नव्या करारात पाच वेळा आढळतो आणि तो केवळ सेंट पॉलच्या नावावरील रोमकर, गलतीकर व इफिसकर यांस लिहिलेल्या पत्रांतच येतो. पॉलपुढे बहुधा रोमन विधी असावा. त्यानुसार दत्तक गेलेली व्यक्ती, पुष्कळदा प्रौढ पुरुष, मूळ कुटुंबप्रमुखाच्या सत्तेतून सुटून नव्या पित्याची वारस होई. हिंदू परंपरेत दत्तक घेतला जाई तो पिंडदान व वंशसातत्य यांसाठी, म्हणजे पित्याच्या गरजेपोटी. येथे पित्यास कसलीच उणीव नाही. मराठी शब्दामुळे हा भेद झाकला जातो. गुलाम भयाने वागतो, पुत्र ‘अब्बा’ या अरामी शब्दाने पित्यास हाक मारतो, असे पॉल म्हणतो.

ख्रिस्त स्वभावतः पुत्र, तर भाविक कृपेने. ख्रिस्तही मानव म्हणून दत्तक पुत्रच होय, हे स्पेनमधील मत फ्रँकफुर्ट परिषदेने (७९४) त्याज्य ठरविले. कॅथलिक पंथ हे पुत्रत्व बाप्तिस्म्याशी जोडतो; प्रॉटेस्टंटांच्या वेस्टमिन्स्टर श्रद्धापत्रात (१६४६) त्यास स्वतंत्र प्रकरण आहे.

भारतात नव्या कुटुंबात जाणे म्हणजे पुष्कळदा जुन्यास मुकणे ठरले. हिंदू विधीप्रमाणे धर्मांतरिताचा वारसाहक्क जाई. तो १८५० च्या एकविसाव्या कायद्याने राखला. पंगत व सोयरीक मात्र कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिली.