‘अ‍ॅक्शन’ या एका शब्दाविषयी

वाशी, भूम, कळंब या बाजूच्या खेड्यांत म्हाताऱ्या माणसाला जन्मसाल विचारले, तर पूर्वी आकडा मिळत नसे. ‘रझाकारीत मी पाळण्यात होतो’, ‘अ‍ॅक्शनच्या साली थोरल्या बहिणीचे लग्न झाले’, असे उत्तर येई. आम्ही युनियनचे सभासद-अर्ज भरीत हिंडू लागलो, तेव्हा वयाच्या रकान्यासाठी हीच उत्तरे ऐकली. अ‍ॅक्शन म्हणजे पोलीस अ‍ॅक्शन. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या माणसांच्या बोलण्यात हा इंग्रजी शब्द इतका रुळला, की तो कोणी आणि कशासाठी काढला, हे विचारायचे राहूनच गेले. युद्धाला दुसरे नाव दिले म्हणजे त्याखाली काय काय झाकले जाते, आणि वृत्तपत्रांनी ते नाव मुकाट्याने छापले म्हणजे ते किती वर्षे झाकलेले राहते, एवढेच आज आम्हांला समजावून सांगायचे आहे.

प्रथम घटना पाहू. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. मुख्य फौज मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या हाताखाली सोलापूरहून निघाली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडले. रणगाडे होते, तोफा होत्या, वरून विमाने होती. पाच दिवसांत निजामाने हात टेकले. ज्या पोलिसांचे नाव या कारवाईला दिले, त्यांच्याजवळ रणगाडे कोठून आले? सैन्याचे स्वतःचे नाव वेगळेच होते : ‘ऑपरेशन पोलो’. पुढे १९७२ साली या मोहिमेचा इतिहास सरकारने प्रसिद्ध केला, तो संरक्षण खात्याच्या इतिहास विभागाने. आणि त्याच्या नावातही ‘पोलीस अ‍ॅक्शन’ हे शब्द आहेतच!

मग हे नाव का घेतले? कारण उघड आहे. निजाम सरकारने ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रार नेली होती. युद्ध म्हटले, की दोन राज्ये आली, आणि जगाला मध्ये पडण्याचा हक्क आला. पोलिसांची कारवाई म्हटली, की ती घरातली गोष्ट झाली. राजनीतीच्या दृष्टीने शब्द चतुर होता, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु चतुर शब्दाचीही किंमत कोणीतरी मोजतोच.

येथे गैरसमज नको. मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम खरा होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या मागे तुरुंगात गेलेली, सरहद्दीवरच्या कँपांत राहून लढलेली माणसे खरी होती. रझाकारांनी जाळलेली गावे खरी होती. खोटे बोलण्यात निजामी बाजूही मागे नव्हती. लातुरात वकिली केलेला कासीम रझवी दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा लावण्याच्या गर्जना करीत होता, आणि ऐकणाऱ्या गरीब मुसलमान पोरांना ते खरे वाटत होते. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी हे खोटे आहे असे लिहिले, संस्थान भारतात विलीन व्हावे असे लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. आ. कृ. वाघमाऱ्यांचे ‘मराठवाडा’ पत्र पुण्याहून निघे. निजामाने बंदी घातली की ते नाव बदलून पुन्हा निघे. म्हणजे वृत्तपत्राला सत्तेपुढे उभे राहता येते, याचे दाखले आमच्याच भूमीत आहेत.

आता दुसरी बाजू. निजाम शरण आल्यावर पुष्कळ गावांत सूडाचा वणवा पेटला. रझाकार कोण आणि शेजारचा विणकर, आतार, शेतमजूर कोण, हे पाहण्याची फुरसत त्या वणव्याला नव्हती. बातम्या दिल्लीला पोहोचल्या, तेव्हा सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचे शिष्टमंडळ पाठवले. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ते संस्थानभर हिंडले. किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली, असा त्यांचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत गुलबर्गा, बीदर, नांदेड यांच्यासह त्यांनी आमचा उस्मानाबाद जिल्हा धरला. लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते. काही ठिकाणी लष्कर आणि पोलीस यांतील माणसेही लुटीत सामील झाल्याचे त्यांनी नमूद केले. सरदार पटेलांनी अहवालावर आक्षेप घेतला. आकड्याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. ते असो. पण मतभेद करायला तरी कागद लोकांसमोर हवा! सरकारने तो प्रसिद्धच केला नाही. काही उतारे पुढे इकडेतिकडे छापून आले, पण संपूर्ण अहवाल दिल्लीच्या नेहरू संग्रहालयात सर्वांना वाचायला खुला झाला तो २०१३ साली, म्हणजे पासष्ट वर्षांनी.

या पासष्ट वर्षांत वृत्तपत्रे काय करीत होती? दर १७ सप्टेंबरला विशेष पुरवण्या निघत, आणि त्या निघाव्यातच. परंतु ‘सुंदरलाल अहवाल कोठे आहे?’ हा एका ओळीचा प्रश्न किती अग्रलेखांनी विचारला? येथे कोणी बंदी घातली नव्हती, कोणाचा खून होणार नव्हता. शब्द सरकारकडून आला आणि खिळे जुळवणाऱ्याने तो जुळवला, इतकेच झाले. पोलिसांच्या कारवाईत मेलेल्यांची मोजणी करायची नसते; ती युद्धात करावी लागते. नाव बदलले, म्हणून मोजणी टळली.

ही खोड आमच्याच देशाची आहे असेही नाही. १९५० साली कोरियात अमेरिकेचे सैन्य उतरले, तेव्हा अध्यक्ष ट्रूमन यांनीही ते युद्ध नसून पोलीस अ‍ॅक्शन आहे, असे म्हणून घेतले. आणि हा शब्द त्यांच्यापुढे ठेवला तो एका वार्ताहरानेच! २००३ साली इराकवर स्वारी झाली ती संहारक अस्त्रांच्या नावाने. अस्त्रे सापडली नाहीत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने आपल्या बातम्यांची पारख नीट झाली नव्हती, अशी कबुली २००४ साली दिली. तोवर माणसे मेली होती. तरी कबुली दिली, हेही लहान नव्हे. आमच्याकडे १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने स्वतः होऊन कधी प्रसिद्ध केला नाही.

दुसऱ्यांना बोल लावताना आपलीही झोळी झाडून दाखवावी. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संपात आम्ही पत्रकात ‘चौदाशे कामगार संपावर’ असे लिहिले. खरे नऊशे होते. वार्ताहराने गेटवर न येता तोच आकडा छापला, आणि आम्ही खूश झालो. संध्याकाळी एक म्हातारा हमाल म्हणाला, ‘‘कामरेड, आपणच खोटं मोजलं, तर उद्या मालकाला हिशेब कोणत्या तोंडानं मागायचा?’’ त्याला अक्षरओळख नव्हती. पण कारखाना बंद करून त्याला ‘काम तहकूब’ म्हणणारा मालक, युद्धाला ‘अ‍ॅक्शन’ म्हणणारे सरकार आणि नऊशेचे चौदाशे करणारे आम्ही, या तिघांची जात एकच आहे, हे त्याने आम्हांला शिकवले.

म्हणून श्रोत्यांना आमचे सांगणे थोडके आहे. युद्धाची बातमी वाचताना तीन प्रश्न विचारावे : हे नाव कोणी दिले? मेले किती, आणि ते कोणी मोजले? मोजल्याचा कागद कोठे आहे? ज्या वृत्तपत्रात या तिन्हींची उत्तरे नाहीत, त्याच्या संपादकाला एक पोस्टकार्ड टाकावे. वाचक विचारीत नाही, तोवर संपादकही विचारीत नाही.

त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. काही गावांत हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवले, आणि त्यासाठी स्वतःचा जीवही दिला. आम्ही आयुष्यभर मागावरच्या, पोत्याखालच्या, उसाच्या फडातल्या माणसांत राहिलो. आमच्या दृष्टीने त्या वर्षातली सर्वांत अभिमानाची गोष्ट हीच होती. कागद दडला, तेव्हा मेलेल्यांबरोबर हे वाचवणारेही दडले. आमच्या जिल्ह्याला ते पासष्ट वर्षे ठाऊक झाले नाहीत, हे नुकसान आम्हां सर्वांचे आहे.