आणखी एक पाटा

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या बाजाराबाहेर पिकअपगाड्यांची रांग लागते, ती एकदा सावकाश पाहण्यासारखी असते. एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या दहा गाड्या एका ओळीत उभ्या असतात. पण त्यांतली एक दुसरीसारखी दिसेल तर शपथ! कुणी हौद्याच्या फाळक्यांवर दोन फूट उंच लोखंडी पिंजरा चढवलेला, कुणी मागे जाडजूड टायर घातलेले, तर कुणी टपावर दिव्यांची ओळच लावलेली. शहरातल्या माणसाला ही हौस वाटते. हौस थोडी असतेही. पण खरे कारण असते बँकेचा हप्ता. गाडीचे भाडे कॅरेटवर मिळते. जितकी कॅरेट जास्त, तितका हप्ता हलका.

आमच्या दाजींची पिकअपही या रांगेतलीच. शेतीला जोडधंदा म्हणून आधी त्यांनी एक जुना तीनचाकी टेम्पो चालवला आणि 2019 मध्ये ही नवी गाडी घेतली. ताई अजूनही तिला टेम्पोच म्हणते. आपल्याकडे मालाची कोणतीही छोटी गाडी म्हणजे टेम्पो. पुण्याच्या फिरोदियांनी 1958 साली सुरू केलेल्या बजाज टेम्पो कंपनीची ही देणगी. कंपनीने 2005 मध्ये आपले नाव बदलून फोर्स मोटर्स केले. आपण काही ते मनावर घेतले नाही.

गाडी दारात आली त्याच आठवड्यात दाजी हातात पाना घेऊन तिच्याखाली शिरले. त्यांनी स्वतः केलेल्या काही गोष्टी मला फार आवडल्या. हौद्याच्या पत्र्यावर त्यांनी लाकडी पट्ट्या ठोकल्या, त्यामुळे खालच्या थराला वारा लागतो आणि पावसाचे पाणी कॅरेटखाली साचत नाही. दोर बांधायला बाजूने जादा कड्या बसवल्या. मागच्या फाळक्यावर चमकणारी पट्टी लावली. रात्री रस्त्याच्या कडेला पंक्चर काढत बसलेल्या माणसाला या पट्टीची किंमत विचारावी.

दिव्यांचा प्रयोग मात्र आधी फसला. कारखान्याने दिलेले 60-55 वॅटचे बल्ब मिणमिणतात म्हणून दाजींनी 100-90 वॅटचे घातले. वायरी त्याच जुन्या. महिनाभरात स्विचमधून जळका वास आला आणि स्विच वितळला. मग त्यांनी मूळचेच बल्ब परत लावले, पण मधे रिले बसवून बॅटरीपासून जाड वायर आणि फ्यूज टाकला. वाटेत दाब कमी होत नसल्यामुळे तेच बल्ब आता लख्ख पडतात. खर्च थोडका, आणि समोरून येणाऱ्याचे डोळेही दिपत नाहीत.

पण या लेखाचा विषय दिवे नव्हेत, पाटा आहे.

भरलेली गाडी मागून बसते, हे सगळ्यांनाच दिसते. मागच्या चाकांवर लोखंडी पाट्यांचा जुडगा असतो, तो ओझ्याने सपाट होत जातो. दाजींच्या गाडीचे पासिंग दीड टनाचे. एका कॅरेटमध्ये वीस किलो टोमॅटो. रिकाम्या कॅरेटचे वजन धरले तर बावीस किलोच्या आसपास. म्हणजे हिशेबाने अडुसष्ट कॅरेट. त्यात दाजींनी पिंजरा चढवला. त्याचे स्वतःचेच वजन दीडशे किलो, म्हणजे माल न भरताच सात कॅरेट गाडीवर बसली! पण पिंजरा आहे म्हटल्यावर तो भरावासा वाटतोच. शंभर कॅरेट लागू लागली, गाडी बसू लागली, आणि दाजींनी एका गॅरेजात दोन्ही बाजूंना जादा पाटे टाकून घेतले.

"पाव्हणं, बघा आता! शंभर कॅरेट भरली तरी गाडी ताठ उभी ऱ्हाती," दाजी मला कौतुकाने म्हणाले होते. मलाही ते पटले होते. न पटायला मला त्यातले काय कळत होते?

तक्रार पहिल्यांदा केली ती ताईने. संकष्टीला ओझरच्या गणपतीला रिकाम्या गाडीतून जाऊन आली आणि दोन दिवस कंबर धरून बसली. "यापेक्षा बैलगाडी बरी रे," असे मला फोनवर म्हणाली. बाईमाणसाची तक्रार म्हणून ती हसण्यावारी गेली. खरे तर गाडी सांगत होती तेच ताई सांगत होती. शंभर कॅरेटसाठी कडक केलेले पाटे रिकाम्या गाडीला दगडासारखे लागतात; मागची चाके रस्त्यावरून उड्या मारतात, आणि उडालेल्या चाकाला रस्त्याची पकड नसते.

2022 च्या पावसाळ्यात दाजी शंभर कॅरेट घेऊन वाशीच्या बाजाराला निघाले होते. माळशेज घाटाच्या उतारावर पुढच्या चाकांतून करपल्याचा वास आला आणि ब्रेकचा पायडल मऊ लागला. दुसऱ्यांदा दाबला तर आणखी खाली गेला. दरीकडची बाजू सोडून दाजींनी गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, खालचा गिअर टाकला आणि हौदा कातळावर घासत घासत ती थांबवली. वीसेक कॅरेटचा रस्त्यावर चिखल झाला. दाजींना खरचटले नाही. ताईला हे सारे चार दिवसांनी कळले, तेही दुसऱ्याच्या तोंडून. त्यावरून घरात काय झाले ते मी लिहीत नाही.

आळेफाट्याच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी दाजींना आणि मला गाडीखाली ओणवे व्हायला लावले तेव्हा उलगडा झाला. मागच्या आसापासून एक बारीक दांडी वर चासीवरच्या एका व्हॉल्वला गेली होती. अनेक पिकअपना हा लोड सेन्सिंग व्हॉल्व असतो. गाडी रिकामी असली की चासी वर असते. तेव्हा हा व्हॉल्व मागच्या ब्रेकला कमी दाब देतो, नाहीतर हलकी मागची चाके जागीच आवळून गाडी फिरेल. माल भरला की चासी खाली येते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला पुरा दाब मिळतो. म्हणजे गाडीवर ओझे किती आहे, हे ती स्वतःच्या बसण्यावरूनच ओळखते.

आणि दाजींनी नेमके तिचे बसणेच बंद करून टाकले होते! शंभर कॅरेट लादलेली गाडी ताठ उभी, म्हणून व्हॉल्वच्या लेखी ती रिकामी. मागचे ब्रेक अर्धवट लागत होते. सव्वादोन टनांहून जास्त ओझे पुढच्या दोन चाकांचे ब्रेक एकटे अडवत होते, आणि लांब उतारावर ते तापून निकामी झाले. काही जण यावर उपाय म्हणून दांडी वळवून किंवा तारेने बांधून टाकतात, असे मेस्त्री म्हणाले. मग रिकामी गाडी पावसात ब्रेक लावताच भोवऱ्यासारखी फिरते.

जादा पाट्याने गाडीची ताकद वाढत नाही, कारण आस, चाके, ब्रेक, चासी सगळे दीड टनाच्याच हिशेबाचे राहते. फक्त बसलेली गाडी दिसायची बंद होते.

कायद्याचे म्हणाल तर तोही सोपा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच बाजू उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी पाच हजार, आणि जादा मालाला वीस हजार अधिक प्रत्येक जादा टनाला दोन हजार अशा दंडाची तरतूद झाली. अपघात झालाच तर विमा कंपनीला नाही म्हणायला आयते कारण मिळते, ते वेगळेच.

दाजींनी पिंजरा उतरवला, पाटे काढले, दांडी मेस्त्रींकडून मापात बसवून घेतली. आता पासष्ट कॅरेट भरतात. भाडे कमी झाले, हप्ता तेवढाच आहे. ती ओढाताण खरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे उपाय नाही. ताईने दुभत्याची एक म्हैस वाढवली आहे.

काढलेले पाटे बरेच दिवस गोठ्याशी पडून होते. पाट्याचे पोलाद चांगले म्हणून गेल्या दिवाळीत ताईने लोहाराकडून त्यांचे दोन कोयते आणि एक विळा करून घेतला. धार अजून उतरलेली नाही म्हणते.