खिडकीला गॉगल घालायचाय?

नवाकोरा टू बीएचके. सातवा मजला, हॉलला लागून टेरेस आणि मध्ये भिंतभर काचेचं स्लायडिंग. साइट बघायला गेलात तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. 'सनसेट व्ह्यू आहे सर,' असं सेल्सवाल्याने सांगितलं आणि तुम्ही भाळलात. मग पझेशन मिळालं, मार्च उजाडला आणि कळलं, की सनसेटच्या आधी तीन तास सूर्य थेट तुमच्या सोफ्यावर येऊन बसतो! टीव्हीवर काही दिसत नाही, लॅपटॉपवर काही दिसत नाही. वर्क फ्रॉम होमच्या दिवशी चारची मीटिंग बेडरूममध्ये पलंगावर मांडी घालून उरकावी लागते. एसी चालू असतो, पण काचेजवळ बसलं की एक गाल भाजतोय आणि दुसरा गारठतोय.

अशा वेळी ऑफिसातला कुणीतरी गॅजेटवेडा मित्र सांगतोच, 'अरे, स्मार्ट ग्लास टाक ना! बटण दाबलं की काच डार्क.' ऐकायला झकास वाटतं. पण थांबा. 'स्मार्ट' हे एका काचेचं नाव नाही, दोन-तीन अगदी वेगवेगळ्या काचांचं टोपणनाव आहे. गोंधळ इथेच होतो, आणि तो महागात पडतो.

खरी रंग बदलणारी काच म्हणजे इलेक्ट्रोक्रोमिक. ड्रीमलायनर विमानातून प्रवास केला असेल तर ही जात तुम्ही पाहिलीय. २०११ पासून प्रवासी सेवेत असलेल्या या विमानात खिडकीला ओढायचं शटर नाही, खाली एक बटण आहे. ते दाबलं की काच हळूहळू निळसर, गडद होत जाते. इमारतींसाठीच्या काचेतलं रसायन थोडं वेगळं. तिथे काचेवर टंगस्टन ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. जेमतेम काही व्होल्टचा दाब दिला की लिथियमचे आयन त्या थरात शिरतात आणि काच निळी होते. दाब उलटा केला की आयन माघारी आणि काच पुन्हा स्वच्छ. एस. के. देब यांनी टंगस्टन ऑक्साइडचा हा गुण १९६९ मध्ये शोधनिबंधातून जगापुढे आणला. म्हणजे कल्पना नवी नाही, आपल्या टूबीएचकेपर्यंत पोचायला उशीर झालाय इतकंच. वीज लागते ती मुख्यतः रंग बदलताना, आणि पूर्ण गडद व्हायला काही मिनिटं जातात. चांगल्या प्रतीची अशी काच सुमारे ६० टक्के प्रकाश आत सोडण्यापासून थेट १ टक्क्यापर्यंत उतरू शकते.

आणि आपल्याकडचा डीलर बहुतेक वेळा 'स्मार्ट ग्लास' म्हणून दाखवतो ती? ती पीडीएलसी. तुमच्या ऑफिसातल्या कॉन्फरन्स रूमची काच आठवा. बटण दाबलं की क्षणात दुधाळ, पुन्हा दाबलं की आरपार. हिच्यात लिक्विड क्रिस्टलचे बारीक थेंब असतात. वीज बंद असताना ते प्रकाश विखुरतात, म्हणून काच पांढरी दिसते. वीज दिली की रांगेत उभे राहतात आणि काच पारदर्शक होते. गंमत लक्षात आली का? थेंब प्रकाश विखुरतात, अडवत नाहीत. ऊन आत येतंच, फक्त मऊ होऊन येतं. शेजारच्या बिल्डिंगपासून प्रायव्हसी हवी असेल, बाथरूमला काचेची भिंत असेल, तर ही छान. पण पश्चिमेचं ऊन थांबवायला ही लावणं म्हणजे उकडतंय म्हणून मलमलचा पडदा लावण्यासारखं. वर बाहेरचं दिसायला हवं तर वीज सतत चालू. लाइट गेले की घर दुधाळ!

तिसरी जात उन्हाने किंवा उष्णतेने आपोआप रंग बदलणारी. काहींच्या चष्म्याची काच बदलते, तसंच. घरासाठी तिचा विचार आत्ता सोडून द्या.

आता थोडं गणित, घाबरू नका. आठ बाय सातचं स्लायडिंग म्हणजे ५६ चौरस फूट, साधारण ५.२ चौरस मीटर. एप्रिलमध्ये दुपारी चारला पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला ५०० वॅट ऊन पडतं असं धरू. किती ऊन उष्णता होऊन आत येतं, ते सांगणाऱ्या आकड्याला सोलर हीट गेन कोइफिशंट, थोडक्यात एसएचजीसी म्हणतात. बिल्डरने बसवलेल्या साध्या काचेचा हा आकडा ०.८ च्या आसपास असतो. म्हणजे आत आले २,१०० वॅट. एक टनाचा एसी साधारण ३,५०० वॅट उष्णता बाहेर फेकतो. थोडक्यात, एसीची निम्म्याहून जास्त ताकद फक्त त्या एका काचेशी भांडण्यात जाते.

काचेला ०.४ एसएचजीसीची चांगली सन कंट्रोल फिल्म लावली की ही उष्णता निम्मी होते. इलेक्ट्रोक्रोमिक काच पूर्ण गडद केली तर आकडा ०.१ पर्यंत उतरतो. फारच भारी, नाही का? पण बिलात बघा. दिवसाचे तीन तास, विजेचं युनिट १० रुपयांना आणि उन्हाळ्याचे शंभर दिवस धरले, तर फिल्ममुळे वर्षाला सुमारे ९०० रुपये वाचतात. स्मार्ट काचेने १,६००. फरक सातशेचा! दुपारी चारला तुम्ही ऑफिसात असाल आणि एसी बंदच असेल, तर तोही नाही. साध्या काचेच्या अनेक पट किंमत मोजून वर्षाला सातशे रुपये वाचवायचे, हा हिशेब कुठल्याही ईएमआयवाल्याला पटणार नाही.

मग स्मार्ट काच निव्वळ चोचले का? तसंही नाही. तिच्या बाजूने एक पक्का मुद्दा आहे आणि तो उन्हाळ्याचा नाही, पावसाळ्याचा आहे. एप्रिलमध्ये सुखावणारी काळी फिल्म जुलैमध्येही काळीच राहते. बाहेर आभाळ भरलेलं, आत भर दुपारी ट्यूबलाइट आणि घरावर चार महिने सुतकी कळा. रंग बदलणारी काच इथे जिंकते: मे महिन्यात गडद, जुलैमध्ये स्वच्छ. पण ती सीलबंद डबल ग्लेझिंगमध्ये येते, जाडजूड असते आणि तिला वायरिंग लागतं. आपल्या सरकत्या ॲल्युमिनियम ट्रॅकमध्ये ती बसवणं म्हणजे आख्खी खिडकी नव्याने करणं. शिवाय कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर आलं, म्हणजे मागे कंपनी टिकून राहायला हवी. या क्षेत्रातल्या व्ह्यू या बड्या अमेरिकी कंपनीने २०२४ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. बंगला नव्याने बांधत असाल, आर्किटेक्ट हाताशी असेल आणि बजेटची चिंता नसेल, तर जरूर विचार करा. फ्लॅटवाल्यांनी सध्या विमानातच हौस भागवून घ्यावी.

फ्लॅटसाठी माझं मत फिल्मच्या बाजूने, पण काळ्या नाही. निम्म्याच्या आसपास प्रकाश आत सोडून उष्णता अडवणाऱ्या फिल्म मिळतात, त्या बघा. डीलर हमखास एक तापलेला दिवा लावून दाखवेल आणि म्हणेल, 'हात ठेवून बघा मॅडम, नव्वद टक्के आयआर कट!' भुलू नका. त्या दिव्यातून बहुतेक इन्फ्रारेडच निघतं. उन्हाची जवळजवळ निम्मी ऊर्जा मात्र दिसणाऱ्या प्रकाशात असते. विचारायचं ते टोटल सोलर एनर्जी रिजेक्शन, आणि तेही कंपनीच्या छापील डेटाशीटवर. दुसरा प्रश्न काच फुटण्याचा. उष्णता शोषणारी गडद फिल्म साध्या काचेवर लावली आणि काचेचा अर्धा भाग सावलीत, अर्धा उन्हात असला, तर काच तडकू शकते. तुमच्या काचेला ही फिल्म चालेल का आणि वॉरंटीत काच धरली आहे का, हे लिहून घ्या. बाहेरून आरशासारखी चमकणारी फिल्म असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी भेटा.

आणि भाड्याच्या घरात राहत असाल तर? चिकाचा पडदा. हसू नका. उन्हाला काचेच्या बाहेर अडवणं कधीही सरस, कारण आतला पडदा तापतो तेव्हा उष्णता घरात शिरलेली असते. छज्जाही पश्चिमेला फारसा उपयोगाचा नाही, तिथलं ऊन तिरकं, त्याच्या खालून येतं. टेरेसच्या बाहेरच्या कडेला चिक सोडा, वारा येत राहतो आणि घर बदलताना गुंडाळून नेता येतो. पावसाळ्याआधी मात्र उतरवायचा, नाहीतर कुजतो. मग एसी २४ वर ठेवून बघा. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणे तापमान एक डिग्रीने वर ठेवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, आणि अंगावर थेट ऊन नसेल तर २४ ला कुडकुडायला होतं अशी तक्रारही घरातून येऊ शकते.