नदीच्या उगमापाशी भरणारी शाळा

दहिसर, पोयसर, ओशिवरा आणि मिठी ही नावे मुंबईतील अनेक मुलांना ठाऊक असतात ती नाल्यांची नावे म्हणून. वस्तुतः या चारही नद्या आहेत. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील डोंगर व त्यांच्या परिसरातील तलाव हे त्यांचे माहेर होय. मुंबई आणि ठाणे या दोन महानगरांच्या मध्ये सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेले हे वन म्हणजे, नदीचे मूळ रूप मुलांना दाखविण्यासाठी हाताशी असलेली एक प्रयोगशाळाच आहे.

उद्यानातील निसर्ग माहिती केंद्रातर्फे निसर्गभ्रमंतीचे कार्यक्रम होतात. ओढ्याच्या सोबतीने जाणारी शिलोंड्याची पायवाट यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. अशा भ्रमंतीत मुलांना काय व कसे शिकविता येते, ते पाहू.

वाळूवरील अक्षरे

"काका, बिबट्या कुठे आहे?" हा वनरक्षकाला विचारला जाणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो. जाणता वनरक्षक उत्तर न देता मुलांना ओढ्याकाठच्या ओल्या वाळूपाशी नेतो. कुत्र्याच्या पावलाच्या ठशात नखे उमटतात. बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतो, म्हणून त्याच्या ठशात ती सहसा दिसत नाहीत. चितळ व सांबर यांच्या खुरांचे ठसे निराळे. प्राणी न दिसताही त्याची वार्ता वाचता येते, हा पहिला धडा.

दगडाखालचे जग

यानंतर उथळ पाण्यातील एखादा दगड अलगद उचलून पाहावयाचा. त्याखाली खेकड्याचे पिल्लू असते, चतुराची पाण्यात वाढणारी पिले असतात. काही कीटकांची पिले प्राणवायूने समृद्ध अशा स्वच्छ पाण्यातच तग धरतात. ती सापडली, तर पाणी निरोगी असल्याची ती साक्ष असते. पाहून झाल्यावर दगड होता तसाच ठेवावयाचा, हा नियम मात्र कटाक्षाने पाळला जावा.

दोन तांबे पाणी

तिसरा प्रयोग सर्वांत सोपा आहे. एक तांब्या पाणी पालापाचोळ्याने झाकलेल्या उतारावर आणि तेवढेच उघड्या मातीवर ओतावयाचे. पहिल्या ठिकाणी ते बहुतांशी मुरते. दुसऱ्या ठिकाणी माती घेऊन गढूळ वाहत सुटते. दर आठ वर्षांनी फुलणारी कारवी आणि काठावरील जांभूळ, उंबर यांची मुळे माती कशी धरून ठेवतात, हे सांगण्याची हीच वेळ. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि मिठीकाठच्या वस्त्या जलमय झाल्या. एवढा पाऊस कोणतेही वन पूर्णतः रोखू शकत नाही. परंतु पाणी मुरण्यास जागा उरली नाही, तर संकट किती वाढते, हे मुलांना या दोन तांब्यांवरून उमगते.

दक्षता

पावसाळ्यात ओढ्याचे पाणी अल्पावधीत चढते. त्यामुळे पाण्यातील निरीक्षणे पावसाळा संपल्यानंतरच करावीत. मुलांनी गट सोडू नये, मोठ्याने बोलू नये आणि वन्य प्राण्यांना खाऊ घालू नये. उद्यानातील पाड्यांवर राहणाऱ्या वारली बांधवांकडे झाडांची नावे व उपयोग यांचे पिढीजात ज्ञान आहे. त्याचाही लाभ घ्यावा.

धडा इथेच संपत नाही

तथापि केवळ उगम पाहून मुलांनी परतणे पुरेसे नाही. शिक्षकांनी त्याच मुलांना काही दिवसांनी खालच्या अंगाला, वस्तीतील पुलावर न्यावे. उद्यानाबाहेर पडताच सांडपाणी, गोठ्यांतील शेण आणि कचरा यांनी हीच नदी काळवंडते. पाण्याचा रंग, त्याचा वास आणि त्यातील जीव यांची नोंद मुलांनी दोन्ही ठिकाणी करावी व ती शेजारी शेजारी मांडावी. त्या कागदावर जे दिसेल, त्यासाठी वेगळ्या भाषणाची आवश्यकता राहणार नाही. ज्या मुलाने नदी वाहताना पाहिली आहे, ते तिला पुन्हा नाला म्हणणार नाही. आणि नदी स्वच्छ करण्याच्या कार्याचा प्रारंभ तिला तिच्या नावाने हाक मारण्यापासूनच होतो.