फ्लॅश साधनांची फाइल प्रणाली
पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड यांसारख्या फ्लॅश साधनांवरील फाइलींची नावे, त्यांचे स्थान व मोकळी जागा यांची नोंद ठेवणारी व्यवस्था म्हणजे फाइल प्रणाली होय. साधन 'फॉरमॅट' करताना ती निवडली जाते. त्या क्रियेत जुन्या नोंदी पुसल्या जात असल्याने आतील सामग्री आधी अन्यत्र उतरवून घ्यावी लागते.

फॅट३२ (१९९६) ही प्रणाली जुने संगणक, दूरचित्रवाणी संच, मोटारीतील संगीतयंत्रे अशा बहुतेक उपकरणांना वाचता येते. मात्र तिच्यात ४ जीबीची फाइल मावत नाही. लग्नसमारंभाचे दीर्घ चित्रण ड्राइव्हवर जागा असूनही नाकारले जाते, ते यामुळेच. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये आणलेल्या एक्सफॅटमध्ये ही अडचण नाही. विंडोज व मॅक यांच्यातील देवाणघेवाणीस सामान्यतः तीच सोयीची. एनटीएफएस आपल्या रचनेतील बदलांची रोजनिशी ठेवते, त्यामुळे ड्राइव्ह अचानक उपसल्यास ती सावरण्याची शक्यता अधिक असते. एक्सफॅटला हे संरक्षण नाही. परंतु मॅक संगणक एनटीएफएस मुळात केवळ वाचतो, तीवर लिहीत नाही.

मराठी नावांच्या दृष्टीने आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये फाइलनामाची मर्यादा २५५ बाइट असून यूटीएफ-८ संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, वेलांटी, हलन्त हेही स्वतंत्र मोजले जातात. 'यवतमाळ' या शब्दातील ६ चिन्हांना १८ बाइट लागतात. ८५ चिन्हांत नाव संपते. वरील तिन्ही प्रणालींत मात्र अशी २५५ चिन्हे मावतात. त्यामुळे तालुका, गाव व वर्ष यांसह लांब नावे दिलेल्या फाइली ईएक्सटी४ वर उतरवताना अडू शकतात.