हरलेल्या दाव्याचे फळ

२४ डिसेंबर १९६९ रोजी कर्ट फ्लड या अमेरिकन खेळाडूने बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना एक पत्र लिहिले. बारा वर्षे या खेळात काढल्यानंतर, आपली इच्छाही न विचारता जिची खरेदी-विक्री करावी अशी मालमत्ता आपण आहोत असे आपल्याला वाटत नाही, असा त्याचा आशय होता. त्या पत्रातून उद्भवलेला दावा फ्लड हरला. तरीही अमेरिकेतील व्यावसायिक खेळाडूंच्या हक्कांचा इतिहास त्या पत्राला वगळून लिहिता येत नाही.

फ्लड हा काही सामान्य खेळाडू नव्हता. उंच उडालेले चेंडू मैदानाच्या दूरवरच्या मध्यभागी टिपण्यात त्याचा हातखंडा होता. १९६३ ते १९६९ अशी सलग सात वर्षे उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचे पारितोषिक त्याने मिळविले, आणि १९६४ व १९६७ मध्ये सेंट लुईसच्या कार्डिनल्स संघाच्या अजिंक्यपदात त्याचा वाटा होता. १९६९ मध्ये त्याचा पगार ९०,००० डॉलर होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात संघाच्या कचेरीतून दूरध्वनी आला: इतर काही खेळाडूंबरोबर त्याचीही फिलाडेल्फियाच्या संघाशी अदलाबदल झाली आहे. त्याला कोणी विचारले नव्हते. विचारण्याची प्रथाच नव्हती.

एकच गिऱ्हाईक

या प्रथेचे मूळ १८७९ साली संघमालकांनी आपसांत केलेल्या एका ठरावात होते. पुढे खेळाडूंच्या करारपत्रात जे ‘राखीव कलम’ रूढ झाले, त्यानुसार खेळाडूने नवा करार केला नाही तर जुना करार आणखी एक वर्ष चालविण्याचा अधिकार मालकाला असे. नूतनीकरण झालेल्या करारातही हेच कलम असते, म्हणून हा अधिकार अखंड चालू राहतो, असा मालकांचा अर्थ होता. परिणामी एकदा सही केलेला खेळाडू जन्मभर त्या संघाचा. मालकाने सोडले तर सुटका, विकले तर नवा मालक. खेळाडूला स्वतःला दुसरीकडे जाण्याची वाट नव्हती.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा श्रमाचा एकमेव ग्राहक असलेला बाजार होय. विकणाऱ्याला दुसरे गिऱ्हाईकच नसेल, तर मोलाचा भाव गिऱ्हाईकच ठरवितो. हे बंधन नसेल तर श्रीमंत संघ सारे चांगले खेळाडू पळवितील, असे मालक सांगत. सायमन रॉटनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्येच या युक्तिवादातील फोलपणा दाखविला होता. बंधन असो वा नसो, जिथे खेळाडूची किंमत अधिक तिथेच तो अखेर जाणार. कारण मालक त्याला विकू शकतोच. फरक पडतो तो एवढाच, की ती किंमत खेळाडूच्या पदरात पडते की मालकाच्या.

न्यायालयाच्या दारात

खेळाडूंच्या संघटनेचे प्रमुख मार्विन मिलर हे पूर्वी पोलाद कामगारांच्या संघटनेत अर्थतज्ज्ञ होते. दावा जिंकण्याची आशा फारच थोडी आहे, आणि जिंकला तरी तुझ्या हाती काही लागणार नाही, हे त्यांनी फ्लडला स्पष्ट सांगितले. इतर खेळाडूंचे भले होईल काय, एवढेच त्याने विचारले. होकार मिळताच तो मागे फिरला नाही.

जानेवारी १९७० मध्ये दावा दाखल झाला. वर्णभेदाची भिंत १९४७ मध्ये ओलांडणारा जॅकी रॉबिन्सन फ्लडच्या बाजूने साक्ष द्यायला आला. विभक्त दक्षिणेत संघसोबत्यांपासून वेगळे जेवण्याची वेळ ज्याच्यावर आली होती, त्या कृष्णवर्णीय फ्लडला या साक्षीचे मोल निराळे सांगावे लागले नसेल. मात्र त्या वेळी मैदानात खेळत असलेला एकही खेळाडू साक्षीला आला नाही. संघटनेचा ठराव पाठीशी होता. पण ठरावाला हात वर करणे वेगळे आणि मालकाच्या डोळ्यांदेखत साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहणे वेगळे.

१९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी फ्लडविरुद्ध निर्णय दिला. बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नव्हे, म्हणून त्याला मक्तेदारीविरोधी कायदा लागू नाही, असे याच न्यायालयाने १९२२ मध्ये म्हटले होते. ही सवलत विसंगत आहे, हे १९७२ च्या निकालपत्रात मान्य केले गेले. पण विसंगती दूर करणे हे विधिमंडळाचे काम, असे म्हणून ती तशीच ठेवण्यात आली.

दुसऱ्यांच्या पदरात

सुटका झाली ती वेगळ्या वाटेने. १९७० च्या सामुदायिक करारात संघटनेने तंट्यांसाठी निःपक्ष लवादाची तरतूद मिळविली होती. डिसेंबर १९७५ मध्ये अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅकनॅली यांच्या प्रकरणात लवाद पीटर साइट्झ यांनी निर्णय दिला, की कलमातील ‘एक वर्ष’ म्हणजे एकच वर्ष. शंभर वर्षे जुनी होत आलेली ती इमारत या दोन शब्दांच्या अर्थावर कोसळली. १९७६ च्या करारान्वये सहा वर्षे खेळलेल्या खेळाडूला संघ निवडण्याचा हक्क मिळाला. १९६७ मध्ये सुमारे १९,००० डॉलर असलेला सरासरी वार्षिक पगार २०२३ मध्ये ४५ लाख डॉलरच्या वर गेला.

फ्लडला यातील काहीच मिळाले नाही. १९७० चा हंगाम तो खेळला नाही. १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून जेमतेम तेरा सामने खेळून तो मैदान सोडून गेला. २० जानेवारी १९९७ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी त्याचे निधन झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकन काँग्रेसने त्याच्याच नावाचा कायदा करून प्रमुख संघांतील खेळाडूंना मक्तेदारीविरोधी कायद्याचे संरक्षण दिले. कनिष्ठ संघांतील अल्पवेतनी खेळाडू मात्र त्या कायद्याबाहेरच राहिले. त्यांना संघटनेचे छत्र मिळायला २०२२ साल उजाडावे लागले.

बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात बोवी कून यांना २००८ मध्ये, मार्विन मिलर यांना २०२१ मध्ये आणि ज्याच्याशी फ्लडची अदलाबदल झाली त्या डिक ॲलनला २०२५ मध्ये स्थान मिळाले. त्या वर्षापर्यंत फ्लडला ते मिळालेले नव्हते. धावांच्या नोंदवहीत त्यागाचा रकाना नसतो, हे खरे. पण करार संपल्यावर आपला संघ आपण निवडणारा प्रत्येक खेळाडू त्या हरलेल्या दाव्याचा ऋणको आहे.